पहिल्या फेरीतली मुलं

मायनर लीग बेसबॉलच्या आमच्या मैदानावर तिसरी इनिंग संपली की मोठ्या स्कोअरबोर्डवर एक प्रश्न झळकतो. चार पर्याय, अर्ध्या मिनिटाचा वेळ आणि बरोबर उत्तराला हॉट डॉगचं कूपन. हे प्रश्न मी तयार करतो. पेनसिल्व्हेनियात माझी दिवसाची नोकरी वेगळी आहे, पण एप्रिल ते सप्टेंबर संघ गावात असला की माझी संध्याकाळ प्रेस बॉक्समध्ये जाते. पत्रकारांसाठी सामन्याच्या नोट्स काढायच्या, निवेदकाला खेळाडूंच्या नावांचे उच्चार लिहून द्यायचे, आकडे तपासायचे आणि हा प्रश्न ठरवायचा. सांगलीत क्लब क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिण्याची सवय होती, ती इथे कामाला आली.

प्रश्न कुठल्याही विषयावर चालतात, पण प्रेक्षक खरे रंगतात ते ड्राफ्टच्या प्रश्नांवर. कोण कितवा निवडला गेला, त्याच्या आधी कोण होतं, कोण हातचं सुटलं, यावर बापलेक, आजोबा-नातू हिरिरीनं भांडतात. या विषयावर वर्षानुवर्षं काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. ते सांगण्याआधी हा ड्राफ्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो.

आयपीएलच्या लिलावात पैशाची बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतले तीस संघ ठरलेल्या क्रमानं एकेका मुलाचं नाव पुकारतात. मुलं शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली किंवा कॉलेजात शिकणारी. ज्या संघानं नाव पुकारलं, त्याच्याशीच बोलणी करायची. पटलं नाही, तर कॉलेजात जायचं आणि पुढच्या एखाद्या ड्राफ्टची वाट बघायची. आदल्या हंगामात जो संघ तळाला, त्याची पाळी आधी, असा मूळ नियम. २०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा पाळ्या सोडतीनं ठरतात. हा नियम अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोमधल्या मुलांना लागू. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातली मुलं ड्राफ्टमध्ये नसतात, त्यांच्याशी संघ थेट करार करतात.

हे सगळं सुरू झालं पैशामुळे. १९६४ साली रिक रायकार्ट या कॉलेजातल्या खेळाडूला एंजल्स संघानं २ लाख ५ हजार डॉलर मोजले आणि मालक मंडळी हादरली. एकमेकांवर चढाओढ करून आपणच भाव वाढवतो आहोत, हे त्यांना कळून चुकलं. पुढच्याच वर्षी, जून १९६५मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव रिक मंडेचं. कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सनं त्याला निवडलं. तो १९ हंगाम खेळला, पण अमेरिकेला तो जास्त आठवतो १९७६च्या एका प्रसंगासाठी. डॉजर स्टेडियमवर सामना चालू असताना दोघं जण मैदानात घुसून राष्ट्रध्वज जाळायच्या बेतात होते. मंडेनं धावत जाऊन तो त्यांच्या हातून हिसकावून घेतला. ड्राफ्टच्या इतिहासातल्या पहिल्या खेळाडूची सर्वांत मोठी आठवण अशी, ड्राफ्टशी काही संबंध नसलेली.

माझ्या वहीतले काही प्रश्न कधीच जुने होत नाहीत. ड्राफ्टमध्ये दोनदा पहिला आलेला एकमेव खेळाडू कोण? डॅनी गुडविन. १९७१ साली व्हाइट सॉक्सनं निवडला तेव्हा त्यानं करार न करता कॉलेज धरलं. १९७५ साली एंजल्सनं त्याला पुन्हा पहिला निवडला. अमेरिकन फुटबॉलचा सम्राट टॉम ब्रेडी बेसबॉलच्या कुठल्या संघानं निवडला होता? १९९५ साली माँट्रिऑल एक्सपोजनं, अठराव्या फेरीत, कॅचर म्हणून. तीन वेगवेगळ्या खेळांत निवडला गेलेला डेव्ह विनफिल्ड १९७३च्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये कितवा होता? चौथा. त्याला बास्केटबॉलच्या दोन संघांनी आणि फुटबॉलच्या एका संघानंही घेतलं होतं, आणि फुटबॉल तर तो कॉलेजात खेळलाही नव्हता. असे प्रश्न विचारताना निखळ आनंद मिळतो. उत्तर पडद्यावर आलं की स्टँडमधून एकदम हुंकार उठतो.

पण ड्राफ्टच्या प्रश्नांची दुसरीही एक जात आहे आणि तिलाही मागणी असते. पहिला निवडला जाऊनही मेजर लीगमध्ये कधीच न पोचलेले खेळाडू कोण? अमक्या संघानं तमक्या महान खेळाडूला सोडून कोणाला घेतलं? इथल्या भाषेत अशा खेळाडूला 'बस्ट' म्हणतात. आपल्याकडे बोर्डात पहिला आलेला मुलगा पुढे साधा कारकून झाला तर गाव जसं त्याच्याकडे बघतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे बघणारं गाव अख्ख्या देशाएवढं असतं.

आमच्या संघात एक पिचर, म्हणजे गोलंदाज होता. पहिल्या फेरीत निवडलेला, मोठा बोनस मिळालेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि पंचविशी ओलांडल्यावरही तो डबल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली होता. आमच्या नोट्सच्या कागदावर प्रत्येक खेळाडूपुढे जन्मगाव, उंची, वजन आणि शेवटी 'संघात कसा आला' असा रकाना असतो. बहुतेकांपुढे 'अकरावी फेरी', 'अदलाबदलीत', 'फ्री एजंट' असं काहीतरी, जे कोणी वाचत नाही. याच्यापुढे 'पहिली फेरी' आणि निवडीचा आकडा. बाहेरगावचा निवेदक आला की नेमकं तेच वाचायचा. हा चेंडू टाकायला येत असतानाच लाउडस्पीकरवरून त्याच्या सात वर्षांपूर्वीच्या दिवसाची आठवण निघायची. एके दिवशी सामन्याच्या बऱ्याच आधी तो प्रेस बॉक्समध्ये आला आणि मला म्हणाला, "तेवढा एक रकाना काढता येईल का?"

रकाना लीगच्या नमुन्यातला होता, काढता येत नव्हता. पण त्याच्या नावाखाली आणखी एक ओळ घालायला मला कोणाची हरकत नव्हती. त्या दिवसापासून मी त्याच्या शेवटच्या दहा सामन्यांची कामगिरी तिथे लिहू लागलो: किती इनिंग, किती बाद, किती वॉक (फलंदाजाला फुकट दिलेला बेस). पुढे सगळ्याच खेळाडूंपुढे ती ओळ यायला लागली. निवेदकांना ती आवडली, कारण सामन्यात बोलायला तीच जास्त उपयोगी पडते.

निवड होते कशी, हे मी जवळून बघितलं ते होमप्लेटच्या मागे बसणाऱ्या, खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींमुळे. हाताशी रडार गन, मांडीवर वही, एका हातात स्टॉपवॉच. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज येताच घड्याळ सुरू, फलंदाजाचा पाय फर्स्ट बेसवर पडताच बंद. उजव्या हाताच्या फलंदाजाला ४.३ सेकंद लागले तर तो मध्यम वेगाचा, ४ सेकंदांच्या आत पोचला तर सगळे स्काउट एकदम मान खाली घालून लिहायला लागतात. प्रत्येक गुणाला २० ते ८० या मापात अंक देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, ८० म्हणजे लाखात एक. फटका लावणं, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक, असे पाच गुण. प्रत्येकाचे अंक दोन: आज किती आणि पुढे किती होईल. त्यातला दुसरा अंक हे संपूर्ण भाकीत असतं.

त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांशी माझी चांगली ओळख झाली. आयुष्यभर शाळांची मैदानं पालथी घातलेले. ते एकदा म्हणाले, "अठरा वर्षांच्या मुलाला मी पाच-सहा वेळा बघतो. त्यातले दोन सामने पावसात जातात. समोरची मुलं त्याच्या निम्म्या वकुबाची असतात. एवढ्यावरून मला तो तिशीत कसा असेल ते लिहायचं असतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या कामाचा अवघडपणा ते नीट ओळखून होते. त्या रात्री माझं मत पक्कं झालं. निवडीचा आकडा हा खेळाडूचा गुण नसतोच. तो निवडणाऱ्यानं त्या दिवशी, त्याच्या गरजेपोटी, त्याला दिसलं तेवढ्यावरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज चुकला तर चूक अंदाज बांधणाऱ्याची. शिक्का मात्र मुलाच्या कपाळी बसतो.

इतिहासात याचे दाखले जागोजागी आहेत. १९६६ साली पहिली पाळी न्यूयॉर्क मेट्सची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा शाळकरी कॅचर घेतला. दुसऱ्या पाळीला अ‍ॅथलेटिक्सनं रेगी जॅक्सनला घेतलं. जॅक्सननं ५६३ होमरन मारले, तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला. चिलकॉटच्या खांद्याला लवकरच दुखापत झाली आणि मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आपल्याला डावलण्यामागे वंशभेद होता, असं जॅक्सननं पुढे म्हटलं. संघाकडून सांगितलं गेलं की त्यांना कॅचरच हवा होता. खरं कारण कुठलंही असो, ते चिलकॉटचं कारण नव्हतं. त्यानं कोणाची जागा अडवली नाही, त्याचं नाव दुसऱ्यांनी पुकारलं. तरी जवळजवळ साठ वर्षं प्रश्न विचारला जातो तो त्याच्या नावानं.

डेव्हिड क्लाइडची गोष्ट तर माझ्या मनाला फार लागते. १९७३ साली टेक्सस रेंजर्सनं त्याला पहिला निवडला. ह्यूस्टनमधल्या शाळेचा डावखुरा पिचर, वय १८. रेंजर्सचा संघ तळाला होता, प्रेक्षक फिरकत नव्हते, मालकाला गल्ल्याची काळजी. मायनर लीगमध्ये एकही दिवस न पाठवता, शाळेचा शेवटचा सामना होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, २७ जूनला त्याला थेट मेजर लीगमध्ये उतरवलं. ३५ हजारांहून जास्त लोक आले. मुलानं पहिल्या दोघांना वॉक दिला, पुढच्या तिघांना स्ट्राइकआउट केलं, पाच इनिंगमध्ये फक्त एक हिट दिला आणि सामना जिंकला. त्यानंतर त्याला शिकायला खाली पाठवायला हवं होतं. पण तो मैदानात असला की तिकिटं खपत होती, म्हणून ठेवून घेतला. कारकीर्द संपली तेव्हा १८ विजय, ३३ पराभव. त्याच ड्राफ्टमध्ये रॉबिन याउंट तिसरा आणि विनफिल्ड चौथा होता, दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. क्लाइडचं नाव या दोघांशेजारी ठेवून लोक हसतात. त्या पोराला कोणत्या घाईत वापरून घेतलं, हे प्रश्नाच्या चार पर्यायांत मावत नाही.

ब्रायन टेलरचंही तसंच. १९९१ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातल्या या मुलाला यँकीजनं पहिला निवडला. त्याची आई ठाम उभी राहिली आणि संघाला १५ लाख ५० हजार डॉलर द्यायला लावले. मायनर लीगच्या पहिल्याच हंगामात त्यानं १६१ इनिंगमध्ये १८७ जणांना स्ट्राइकआउट केलं. म्हणजे स्काउट मंडळींचं काहीही चुकलं नव्हतं. डिसेंबर १९९३मध्ये भावाच्या बाजूनं मारामारीत पडताना त्याच्या डाव्या खांद्याची वाट लागली आणि त्याचा चेंडू परत कधी तसा गेला नाही. १८७चा आकडा मी माझ्या वहीत मुद्दाम ठळक लिहून ठेवला आहे. टेलरबद्दल विचारायचं झालं, तर मी तो हंगाम विचारतो.

उलट बाजूही बघा. २४ जुलै २०१६ला कूपरस्टाउनमध्ये हॉल ऑफ फेमच्या मंचावर दोघं शेजारी उभे होते. केन ग्रिफी ज्युनियर १९८७च्या ड्राफ्टमधला पहिला. ड्राफ्टमध्ये पहिला येऊन हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिलाच. आणि माइक पियाझा १९८८च्या ड्राफ्टमधला, बासष्टाव्या फेरीत, १३९०वा. पियाझाच्या वडिलांची डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांच्याशी जुनी मैत्री होती, त्यांच्या शब्दाखातर त्याचं नाव घेतलं गेलं. त्याच पियाझानं ४२७ होमरन मारले, त्यातले ३९६ कॅचर म्हणून खेळताना. कॅचरांमध्ये हा विक्रम आहे. आज ड्राफ्ट वीसच फेऱ्यांचा आहे. आज पियाझाचं नाव कोणी पुकारलंच नसतं.

आणि माइक ट्राउट. २००९ साली ड्राफ्टच्या रात्री न्यू जर्सीतल्या सिकॉकसच्या स्टुडिओत स्वतः हजर राहिलेला तो एकटाच खेळाडू. चोवीस नावं होऊन गेली आणि मग पंचविसावं त्याचं आलं. त्याच्या आधीचं, चोविसावं नावही त्याच संघानं, एंजल्सनं पुकारलं होतं: रँडल ग्रिचक. ग्रिचक स्वतः दहा वर्षांहून जास्त काळ मेजर लीगमध्ये खेळला. किती थोड्यांना हे जमतं! तरी त्याची ओळख काय, तर 'ट्राउटच्या आधीचा'. एका माणसाच्या अख्ख्या कारकिर्दीवर शेजारच्या नावाची सावली पडावी, हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रश्न तयार करताना मी सर्वांत जास्त वेळ दिला तो मार्क अ‍ॅपलच्या प्रश्नाला. २०१३ साली अ‍ॅस्ट्रोजनं त्याला पहिला निवडला. दुसरा क्रिस ब्रायंट, जो २०१६ला नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी शिकागो कब्जबरोबर जगज्जेता झाला. अ‍ॅपल मात्र दुखापती आणि अपयशांनी थकून २०१८ साली खेळापासून दूर झाला. त्याला सगळ्यांत मोठा 'बस्ट' म्हणणारे थोडे नव्हते. तीन वर्षांनी तो परत आला, खालच्या लीगमध्ये पुन्हा राबला, आणि २०२२च्या जूनअखेरीस फिलाडेल्फिया फिलीजसाठी मेजर लीगमध्ये त्याचं पदार्पण झालं. वय ३०. ड्राफ्टमध्ये पहिला आलेल्यांपैकी पदार्पणाच्या वेळी त्याच्याहून वयानं मोठा दुसरा कोणी नव्हता. तिथे तो सहा सामने खेळला. लोक म्हणतील, सहाच? ज्यानं डबल-एच्या बसमध्ये रात्री काढल्या आहेत, त्याला विचारा सहा म्हणजे किती. मी प्रश्न असा लिहिला: 'निवड झाल्यावर नऊ वर्षांनी मेजर लीगमध्ये पोचलेला, ड्राफ्टमधला पहिला खेळाडू कोण?' उत्तर आल्यावर स्टँडमधून टाळ्या झाल्या.

आपल्या माणसांना जवळचं वाटेल असं एक नाव आहे कुमार रॉकर. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत आलेले, वडील फुटबॉलचे नामांकित खेळाडू आणि प्रशिक्षक. २०२१ साली मेट्सनं त्याला पहिल्या फेरीत, दहावा निवडला. मग वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. त्या दिवसापर्यंत कौतुक होत असलेला मुलगा एका रात्रीत शंकेचा विषय झाला. तो न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्वतंत्र लीगच्या संघात जाऊन खेळला. पुढच्या वर्षी टेक्सस रेंजर्सनं त्याला तिसरा निवडला, म्हणजे आधीपेक्षाही वर. २०२३ला कोपराची शस्त्रक्रिया झाली, तरी सप्टेंबर २०२४मध्ये त्यानं पदार्पणाच्या सामन्यात चार इनिंगमध्ये सात जणांना स्ट्राइकआउट केलं. एकाच मुलाबद्दल दोन संघांचे दोन अंदाज, बारा महिन्यांच्या अंतरानं. दोन्हींत बदलला तो बघणारा.

म्हणून आता प्रश्न लिहिताना माझे दोन नियम आहेत. पहिला: जो खेळाडू स्वतः उत्तर द्यायला हजर नाही, त्याच्या अपयशावर प्रश्न नाही. निवड फसली असं म्हणायचंच असेल, तर प्रश्न संघाच्या नावानं लिहायचा, मुलाच्या नावानं नाही. दुसरा: प्रत्येक उत्तरानंतर पडद्यावर एक ओळ त्या माणसानं प्रत्यक्ष काय केलं याची. अर्ध्या मिनिटात एवढं नक्की बसतं.

बेसबॉल तुमच्या ओळखीचा असो वा नसो, कोवळ्या वयात क्रमांक मिळालेली मुलं तुमच्याही आसपास असतात. पुढे कधी त्यांच्यातलं कोणी भेटलं, तर तेव्हा कितवा आला होतास हे विचारू नका. आज काय करतोस, ते विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका.